खेकड्याच्या भावकीतली मुंगी

महांतप्पा मास्तर अणदूरजवळच्या एका खेड्यात शिकवत. राज्य निजामाचं, पुस्तकं उर्दूत, त्यामुळे मास्तर प्राणिशास्त्र बोलू लागले की गावाला तो सरकारी हुकूमच वाटे. एरवी मास्तर कुणासमोर मान वर करत नसत, पण किड्यामुंग्यांच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. सांध्यासांध्याच्या पायांचे जे जीव, त्यांतले जबडा असलेले सगळे एका कुळातले, असं ते ठणकावून सांगत. मुंगी, गोम आणि खेकडा ही भावकी. विंचू आणि कोळी बिनजबड्याचे, म्हणून परके.

विंचू परका झाल्याचं गावाला दुःख नव्हतं. खेकडा मुंगीचा भाऊबंद निघाला, हे मात्र झोंबलं. लिंगायतांचं शाकाहारी गाव. पण गुळाच्या ढेपेला मुंग्या कुणाच्या घरी लागत नाहीत? एखादी पोटात जातेच. म्हणजे आजवर घरोघरी खेकड्याचं गणगोत खाल्लं गेलं, असा निष्कर्ष पारावर निघाला. माणसांची कुळं उकरण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना दुसरं काय सुचणार!

नेमकी तेव्हाच मास्तरांच्या लेकीची, महानंदाची, सुपारी फुटायची होती. स्थळ चांगलं होतं, पोरीच्या मनात भरलं होतं. होणारे व्याही विरुपाक्ष अप्पा आले, पंच बसले, मधोमध गुळाचं ताट आलं. अप्पांनी त्याला हात लावला नाही.

"मास्तर, पयलं सांगा. मुंगीला जबडा हाय का न्हाय? हाय म्हणत असाल तर तुमच्या घरचा गूळ आमाला चालत न्हाय."

मास्तरांनी आतल्या दाराकडं पाहिलं. महानंदा दाराआड श्वास रोखून उभी होती. हैदराबादेत शिकलेलं सगळं शास्त्र त्यांनी गिळून टाकलं.

"न्हाय," ते म्हणाले. "मुंगीला जबडा न्हाय."

पंचांनी माना डोलावल्या, सुपारी फुटली. गूळ वाटायला कुणीतरी ताट उचललं, तर त्याखालचे मुंगळे साऱ्या बैठकीभर पसरले. हळूहळू एकेका पंचाचा चेहरा वाकडा होऊ लागला. अप्पांच्या तर धोतरातच मुंगळा शिरला. त्यांना घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं. पण चावला म्हणायची सोय नव्हती; चावायला जबडा लागतो, आणि तो नसल्याचं नुकतंच पंचांसमोर ठरलं होतं. सोयरीक जुळली म्हणून आनंदानं रडू येतंय, असं अप्पांनी सगळ्यांना सांगितलं, आणि पंचांनीही दातओठ आवळून होकार दिला.