अस्वलाच्या पोटातल्या मावशी

मुलगी इंजिनिअर झाली म्हणजे पूल नाही तर निदान पंप तरी बनवेल, असं माझ्या वडिलांना वाटत होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात टेडी बोलके करते. ससे, बाहुल्या, अस्वलं यांच्या पोटात आवाजाची डबी बसवायची आणि कुठल्याही पोराने कितीही आपटलं तरी ती बोलत राहील असं पाहायचं, एवढंच माझं काम. वडील लोकांना "ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे" असं सांगतात आणि विषय बदलतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मालकांच्या मनात आलं, की मुलांना वळण लावणारं मराठी अस्वल काढायचं. वाक्यं त्यांनी स्वतः लिहिली. ती म्हणायला पुण्याहून एक कलाकार बाई आल्या. "चला मित्रांनो, आपण छान छान दात घासूया," हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की ऐकणाऱ्याच्याच दाताला कीड लागावी. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला शंका होती, पण अशा वेळी मालकाला शंका सांगायच्या नसतात.

पहिली दहा अस्वलं आम्ही सायखेड्याच्या एका बालवाडीत नेली. मुलांनी पोटं दाबली. दहाही अस्वलं दात घासायला निघाली. एका मुलीने आपल्या अस्वलाचं तोंड हाताने दाबून धरलं. आवाज पोटातून येतोय हे कळल्यावर ती सरळ त्याच्यावर बसली. बाकीची मुलंही आपापल्या अस्वलावर बसली.

कारखान्यात शेवटची तपासणी एक मावशी करायच्या. दिंडोरीकडच्या. आधी द्राक्षबागेत कामाला जायच्या, गुडघे बोलायला लागल्यावर इकडे आल्या. प्रत्येक अस्वलाचं पोट दाबून आवाज येतो का पाहायचं, हे त्यांचं काम. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाजवळून जात होते. अस्वल म्हणालं, "माझ्याशी खेळशील का?" मावशी त्याचा कान ओढून शिवण बघत म्हणाल्या, "मला दुसरं काम नाय का? तुझं जेवण झालं का, ते सांग आधी."

शेजारच्या बायका हसल्या. माझ्या लक्षात आलं, की आपण चुकीच्या बाईला आत बसवलंय.

मी मावशींना माल ठेवायच्या खोलीत नेलं. तिथे अस्वलांत भरायच्या फायबरच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या, बाहेरचा आवाज आत येत नाही. पण माइक समोर ठेवताच मावशी झेंडावंदनाच्या भाषणासारख्या बोलायला लागल्या. शेवटी मी माइक गोणीआड सरकवला, न भरलेलं एक चपटं अस्वल त्यांच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, हे काही केल्या ऐकत नाही.

"कसं ऐकंल? पोटात काय हाय का त्याच्या?" असं म्हणून त्या जे सुरू झाल्या, ते वीस मिनिटं थांबल्या नाहीत. त्यातला एक शब्द लहान मुलांच्या कानावर पडण्याजोगा नव्हता. तो मी काढला, पण कॉम्प्युटरवर जपून ठेवलाय. दिवस वाईट गेला की ऐकते. बाकीचं त्यांना ऐकवलं, घेऊ का विचारलं. घ्या म्हणाल्या.

मालकांनी ते ऐकलं आणि अस्वल गिऱ्हाइकाला दम देतंय, अशी तक्रार केली. मी म्हटलं, मागच्या अस्वलाने विनंती केली होती, त्याचं काय झालं ते आपण पाहिलंय.

पुन्हा सायखेडा. त्याच मुलीने पोट दाबलं. "जेवण झालं का?" अस्वलाने खडसावलं. ती दचकली. मग हळूच म्हणाली, "नाय." पुन्हा दाबलं. "मग बस हितं, माझ्याजवळ." ती बसली, या वेळी शेजारी, आणि डब्यात काय आहे ते त्याला दाखवायला लागली. बालवाडीच्या पायऱ्या उतरताना मालक म्हणाले, "काढा हेच."

अस्वल निघालं, बऱ्यापैकी चाललं. एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. मावशी आता टेबलावर गप्प असायच्या. पोट दाबायच्या, ऐकायच्या, अस्वल बाजूला ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आपल्याच आवाजाला काय उत्तर देऊ, मॅडम? यडं म्हणतील." मला फार वाईट वाटलं. मी त्यांना सशांच्या टेबलावर बसवलं. पुण्याच्या त्या गोड बाईंचा आवाज वाया जाऊ नये म्हणून तो आम्ही सशांना बसवला होता. तासाभरात मावशी एका सशाला झापताना ऐकू आल्या.

परवा कळवणहून एका सुनेचा फोन आला. नातवासाठी आणलेल्या अस्वलाशी सासूबाई सकाळपासून भांडत बसतात म्हणाली. मी पोटातले सेल कसे काढायचे ते सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

"नको. ते बंद पडलं तर माझ्याशी भांडतील. नवे सेल कुठले लागतात, तेवढं सांगा."

मी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत मावशींनाही हे सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलं, की अस्वल माघार तर घेत नाही ना.