नसा साफ करणारी डबी

१२ ऑगस्ट. मोहाडीतल्या माझ्या मेडिकलमध्ये मी एक्स्पायरी जवळ आलेली औषधं वेगळी काढत होते. रामटेके काकू आल्या.

"मॅडम, ते सात्याची डबी द्या अजून एक."

सात्या म्हणजे आपल्याकडे श्रावणात रानात उगवतात ते मशरूम. काकूंना हवी होती लिंगझीची कॅप्सूल. तीही बुरशीच, फक्त लाकडावर वाढणारी आणि महागडी.

"आणि काकांच्या गोळ्या?"

"त्या तं बंद केल्या. दहा दिवस झाले."

"काहून?"

"तुमीच तं सांगतलं ना, हे नसा साफ करते म्हून!"

सांगितलं होतं खरं. कंपनीच्या माणसाने दिलेल्या पत्रकात तसं छापलं होतं. कागद गुळगुळीत होता, माझा विश्वास बसला.

काकांच्या हृदयात चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला होता. स्टेंट म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी. तिच्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या गोळ्या. गुठळी झाली तर थेट हार्ट अटॅक.

काकूंना स्कूटीवर मागे बसवून मी त्यांचं घर गाठलं. काका अंगणात सुपारी कातरत होते.

"मले तं काही होऊन नाही राहिलं. उलट झोप मस्त लागते."

"काका, या बुरशीवरचं बरंचसं संशोधन उंदरांवर झालंय. माणसांबद्दल पक्कं काही नाही."

"मंग मले काहून देल्ली?"

मी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कॅप्सूल कुणी दिली?"

"मी."

"तुम्ही फार्मासिस्ट ना?"

"कागदोपत्री."

गोळ्या लगेच सुरू करा, कॅप्सूल बंद, आजच ईसीजी काढा, असं त्यांनी सांगितलं. पहिली गोळी काकांनी माझ्यासमोर गिळली. चेहरा असा केला, जणू मीच आजारी आहे. संध्याकाळी भंडाऱ्याच्या दवाखान्यातून काकूंचा फोन आला. ईसीजी ठीक होता. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

'हे घ्या' सांगताना 'ते बंद करू नका' हेही सांगायचं असतं. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. मला तेवीस वर्षांनी समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडण्याआधी मी डबी नेलेल्या बाकी सहा जणांना फोन केले. दोघं रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर होते. अशा गोळीसोबत ही बुरशी घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्यांना डबी आधी परत आणायला सांगितली. शेवटच्या बाई म्हणाल्या, "बरं, मंग आता नवीन काय चांगलं आलं?"

"डॉक्टरनं लिहून देल्लं तेच," मी म्हटलं, आणि शटर वर केलं.