धाकटी रुसली त्या दिवशी

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती अजून कुणाची झालेली नाही. तोफ कामावरून परतली की फाटकाच्या आवाजावरून तिचा दिवस कसा गेला ते शेजारच्या चार घरांना कळतं. त्या दिवशी फाटक नुसतं वाजलं नाही, बिजागरीतून निखळलंच.

तोफ पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसचे सर्किट बोर्ड बनवते. त्या बोर्डावर तीन चिप असतात, एका घरातल्या तीन जावा म्हणा ना. वीज गेली की तिघींची डोकी रिकामी. वीज आली की थोरली आपला धडा, म्हणजे काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम, वाचते आणि उरलेलं मधलीकडे सरकवते, मधली धाकटीकडे. तिघींनी मिळून एक तार खाली ओढून धरलेली असते. जिचा धडा झाला ती तार सोडते, आणि शेवटची सोडते तेव्हाच तिघी एकदम कामाला लागतात. एक जरी रुसली तरी बाकीच्या दोघी हातावर हात ठेवून बसतात. थोरली प्रेस चालवते, मधली वेग सांभाळते. धाकटीला एकच काम: कुणाचा हात आत दिसला की प्रेस थांबवायची.

त्या सकाळी धाकटीने तार सोडलीच नाही.

तोफेने भिंग लावून धाकटीवरचा नंबर वाचला आणि थेट खरेदीवाल्याच्या टेबलावर जाऊन आदळली. "ही चिप कुणाला विचारून बदललीत?"

"मॅडम, तशीच आहे हो. जुनी मिळेना. उलट ही मोठी आहे, तुमचा फायदाच."

"फायदा? जुनीसाठी बनवलेला धडा ती घेते तरी का! नवा बनवून तपासायला उद्याची संध्याकाळ होईल. दुपारी गिऱ्हाईक येतंय, त्याला तुमचा फायदा दाखवू?"

आवाज ऐकून साहेब आले. यांना सगळे साखरसाहेब म्हणतात. बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. "अगं, चिडतेस काय? धाकटीची तेवढी तार कापून टाक. दोघी चालू होतील. गिऱ्हाइकाला प्रेस हललेली दिसली की झालं."

"आणि हात?"

"हात कोण घालतंय? लांब उभे राहा म्हणून सांगू."

"पत्रा वाकडा बसला की माणूस हात घालतोच, साहेब! सांगून भागलं असतं तर धाकटी काय शोभेला बसवली?"

साहेबांनी सोल्डरवाल्याला खूण केली. त्याने पातं उचललं, तोफेकडे पाहिलं, पातं खाली ठेवलं आणि "जरा चहा घेऊन येतो" म्हणत पसार झाला. शेवटी साहेबांनी स्वतःच पातं उचललं. तोफेने बोर्ड उपसला, खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये. तेवढ्या संतापातही बोर्ड आधी चंदेरी पिशवीत घातला होता, नाहीतर हातातल्या विजेने चिप जळायच्या. या माणसाच्या मालाची एवढी काळजी आपण घेतली, याचाच तिला वर आणखी राग आला.

गिऱ्हाईक आलं, थंड प्रेस बघून, चहा पिऊन गेलं. साहेबांची साखर संपली. "उद्यापासून डिझाइनला हात लावायचा नाही. तपासणीत जाऊन बस!"

म्हणून फाटक निखळलं.

घरात सासरे चहा पीत होते. त्यांची उजव्या हाताची दोन बोटं अशाच एका प्रेसने नेली. उरलेल्या तीन बोटांत ते कप असा धरतात की पाहुण्यांना कळतही नाही. "सूनबाई, फाटकाने काय घोडं मारलं होतं?"

तोफेने सगळं ओकून टाकलं. "बारा वर्षं डिझाइन केलं, आणि आता दुसऱ्यांचे बोर्ड तपासत बसू?"

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "तपासणीच्या सहीशिवाय बोर्ड बाहेर जातो का गं तुमच्याकडे?"

"नाही."

"म्हणजे साहेबाने रागाच्या भरात किल्ली तुलाच दिली की."

तोफेने बाहेर जाऊन फाटक उचललं आणि आवाज न करता जागेवर टेकवलं. गल्लीच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी ती झाडूचा दांडा घेऊन निघाली. निखळलेलं फाटक तिनेच बाजूला केलं.

"दांडा कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"हात म्हणून प्रेसमध्ये घालणार. थांबली नाही तर सही नाही."

"आणि थांबली तर?"

"तर पुन्हा घालीन!"

सासरे हसले. ती नाही हसली.