रेकॉर्डवर नसलेला तुकडा

कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. आजही तसाच आहे. त्यामुळे हे वाचून कुणी मला वेड्यात काढलं तर वाद घालणार नाही... मला स्वतःलाच ते पटत नाही.

सत्तरच्या दशकाचा शेवट. गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी – आता हिंगोली जिल्हा, तेव्हा परभणी. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांच्याकडूनच मी शिकलो. पुढे मुंबईत सॅक्सोफोन हाती आला, जॅझची गोडी लागली. एका मित्राने परदेशातून सिंथेसायझर आणला होता. जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक सूर एकत्र करून आम्ही माझी पहिली एलपी केली.

शेवटचा ट्रॅक वाजवताना व्होल्टेज कमी झालं आणि सिंथेसायझरचा सूर आपोआप खाली घसरू लागला. मीही त्याच्यामागे उतरत गेलो. कधी न सुचलेलं काहीतरी वाजत होतं... मिनिटभराने लाईटच गेली, सगळं मध्येच तुटलं. नंतर रेकॉर्डिस्टने घसरणीच्या आधीच आवाज हळूहळू कमी करून ट्रॅक संपवला. मूळ टेप पुसून दुसऱ्या कामाला घेतली. स्टुडिओत मी, मित्र आणि रेकॉर्डिस्ट, तिघंच होतो.

रेकॉर्ड हातात आल्यावर पहिली मायला द्यायची, म्हणून गावी गेलो. वडील तोवर वारले होते. मायचे कान मी दहा वर्षांचा असताना विषमज्वरात गेले. पूर्ण. दाराशी फटाका फुटला तरी वळून बघायची नाही. माझा सॅक्सोफोन तिने कधीच ऐकला नव्हता.

दुपारी शाळेतल्या गुरुजींचा रेकॉर्ड प्लेयर मागून आणला. धाकटी बहीण शांता अंगणात हळद निवडत होती. माय प्लेयरच्या पेटीवर तळहात ठेवून बसली.

"थरथरून राहिलं," म्हणत हसली. दोन्ही बाजू संपेपर्यंत तिने हात काढला नाही.

शेवटचा ट्रॅक विरला. मी सुई उचलून बाजूला ठेवली, चकती थांबवली.

आणि माय गुणगुणायला लागली.

कान गेल्यापासून तिने एक ओळ गायली नव्हती. रेकॉर्ड जिथे विरली, बराबर तिथून तिने धरलं. सूर घसरत खाली चालला... तीच वळणं. मी दम घ्यायला थांबलो होतो तिथे तीही थांबली.

शांता दारात येऊन उभी राहिली. "दादा, माय गाऊन राहिली," एवढंच म्हणाली.

मग अर्ध्या सुरावर माय एकदम गप्प झाली. स्टुडिओत लाईट गेली होती, त्याच सुरावर.

ती माझ्या तोंडाकडे बघू लागली. बोलणं ओठांवरून ओळखायची.

"इथंच काहून थांबलास, लेकरा?"

"लाईट गेली होती, माय."

"मंग आता वाजव की पुढचं."

सॅक्सोफोन खाटेवरच होता. माझ्याने तो उचलवला नाही.

"तुला ऐकू आलं?" मी विचारलं.

"न्हाई. हाताला कळलं."

पण रेकॉर्ड तर बंद होती... आणि चालू असती तरी तो तुकडा तिच्यात नव्हताच.

मुंबईला परतल्यावर रेकॉर्डिस्टला गाठलं. त्याने माझ्यासमोर रेकॉर्ड लावून शेवटपर्यंत कान देऊन ऐकली. शेवटच्या ट्रॅकनंतर नुसती खरखर. माझ्या लहानपणी, कान जायच्या आधी, तिनेच कधी गायलेलं असेल आणि तेच मी वाजवलं असेल, असंही मनाला सांगून पाहिलं – पण व्होल्टेज पडल्यावर यंत्रातून निघालेला सूर कुठल्या गाण्यात असणार?

मायने पुन्हा कधी गुणगुणलं नाही. ती गेली. शांता आहे, तिला विचारा, ती हेच सांगेल. तो तुकडा मी नंतर पुष्कळदा वाजवून बघितला. स्टुडिओत मी काय वाजवलं, ते आता मला आठवत नाही. मायच्या आवाजात होतं तेवढंच आठवतं. ते तिच्यापर्यंत कसं पोचलं, मला आजही सांगता येत नाही.