शेळीजवळची आजी

संभाजीनगरला पशुविज्ञान शिकत असताना शेळीपालनाच्या पाहणीसाठी मी एकदा देवगाव रंगारीला गेले होते. रस्त्याकडेच्या शेवटच्या घरी एक म्हातारी शेळीजवळ गोणपाट टाकून बसली होती. फॉर्ममध्ये नावाचा रकाना नव्हता आणि मीही विचारलं नाही. शेळी काय खाते, कधी व्याली, हे सांगताना ती शेळीच्या अंगावरची कुसळं एकेक करून वेचत होती.

"आजी, घरात माणसं किती?"

"दोघीजणी."

"दुसरी कोण?"

"ही काय! पोरं पुण्याला गेली. बोलायला हीच हाय."

मला गंमत वाटली, पण ती अगदी खरं सांगत होती. मग तिनंच विचारलं, "तुझ्या खोलीवर कोण असतं गं?"

औरंगपुऱ्यातल्या त्या खोलीत मी वर्षभर एकटी होते. आईला मात्र फोनवर खूप मैत्रिणी असल्याचं सांगायचे.

"कुणीच नाही," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

"लई अवघड असतं ते," ती म्हणाली आणि सरकून तिनं गोणपाटावर जागा केली.

परतीची बस समोरून गेली, तरी मला उठावंसं वाटलं नाही.