खडूच्या घोड्यावर, धुक्यात

शरयू पिंपळखुटे हिंगणघाटला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. १९५५ साली शिष्यवृत्ती मिळून ती वर्षभरासाठी इंग्लंडला निघाली, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "इतक्या दूर काऊन जाऊन राह्यली, पोरी?" शरयू ट्रंक भरत राहिली.

तिकडे काही टेकड्या आतून खडूच्या असतात. गवत खरवडलं की खाली पांढराशुभ्र थर लागतो. अशाच एका टेकडीवर कोण्या काळी लोकांनी शंभर हात लांब घोडा कोरलाय, असं कळल्यावर तिला राहवेना. ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती एकटीच बसने गेली.

खालच्या रस्त्यावर उभं राहून तिने घोडा वहीत उतरवला. चहाच्या दुकानातली म्हातारी म्हणाली, "पायवाट डोक्यापाशी आहे, तीच धरा. पाठीच्या वर जुनी खाण आहे आणि पायांखाली कडा. मागच्या वर्षी एक माणूस गेला तिथे." शरयूने खाण आणि कडा दोन्ही चित्रात दाखवले.

वर गेल्यावर घोडा दिसेचना. पायाखाली नुसते दोन-तीन हात रुंद पांढरे पट्टे. त्यांवरून चालत ती पार शेपटीपर्यंत गेली. मान वर केली तर समोरचं खोरं नव्हतं. धुकं आलं होतं.

ती घाईने वळून डोक्याकडे निघाली; निम्म्याहून जास्त अंतर परत आल्यावर ओल्या गवतावरून घसरली. साडी पायांत अडकून ती गडगडत गेली, कशीबशी थांबली. उठून पाहते तो पट्टा गायब. चहूकडे पांढरं. जवळच कोणीतरी खोकलं, अगदी म्हाताऱ्या माणसासारखं.

"कोण आहे?" ती मराठीतच ओरडली. पुन्हा खोकला. मग एक मेंढी समोरून गेली. शरयू खाली बसली.

गुडघ्यांवर रांगत चाचपताना हाताला खडू लागला. हायसं वाटून ती पट्ट्यावरून पुढे सरकली. पट्टा गुडघ्यासारखा वाकला, अरुंद झाला आणि संपला. तिने पुढे टाकलेला हात खाली गेला तो गेलाच. तिथे जमीन नव्हती.

ती पोटावर पडून राहिली. किती वेळ, तिलाही कळलं नाही. शेवटी पिशवीतून वही काढून तिने डोळ्यांशी धरली. घोड्याचे तीन पाय सरळ होते. वाकलेला एकच, पुढचा. म्हणजे मागे फिरून छाती, मग मान, मग डोकं. उठून उभं राहायची हिंमत नव्हती. वही दातांत धरून ती रांगतच निघाली. पट्टा दुभंगला तिथे चित्र पाहून वरची बाजू धरली. हाताखाली डोळ्याचं वाटोळं आलं तेव्हा तिला रडू फुटलं. पुढे चार पावलांवर पायवाट होती.

"घोडा पाहिला. हवा थंड होती," एवढंच तिने घरी कळवलं. आईने ते पत्र साऱ्या आळीला वाचून दाखवलं.

परत आल्यावर एकदा वेणा नदीच्या काठी तिने वडिलांना, बंडोपंतांना, सगळं सांगितलं.  ते तिचा हात घट्ट धरून म्हणाले, "मले सांगितलं ते ठीक. आईले नको सांगू."  घर येईपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही.