शिवून पाठवलेली फिल्म

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. साठीच्या दशकात मी आर्णीला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टरांचा सिनेमाचा छोटा कॅमेरा, हौस फिटल्यावर, कपाटात पडून होता. तो मागून घेऊन मी माझ्या बापावर एक छोटी मुकी फिल्म काढली. यवतमाळला हौशी लोकांचं एक मंडळ होतं. घरच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या फिल्मांना ते दर वर्षी बक्षिसं द्यायचं. प्रोजेक्टरही त्यांच्याकडेच, त्यामुळे आमच्यापैकी कोणी ती फिल्म पडद्यावर पाहिलेली नव्हती. बक्षीसपात्र फिल्मा समारंभात दाखवू, असं मंडळाने कळवलं होतं. बाचा सगळा जीव तेवढ्यात अडकला होता.

बा सागवान चिरायचा. खड्ड्यावर ओंडका आडवा, एक माणूस वर उभा, एक खाली खड्ड्यात आणि मधे मोठी करवत. बा जन्मभर खालचा. भुसा जाऊन जाऊन त्याचे डोळे अधू झाले होते. बारीकसारीक काही दिसायचं नाही. पडद्यावरचं मोठं चित्र तेवढं दिसलं असतं.

मुंबईहून धुऊन आलेली ती एकच प्रत. मंडळात सगळे वकील, प्राध्यापक; आम्ही नुकतेच बौद्ध झालेलो. परीक्षकांनी बघण्याआधीच कोणी मधला तुकडा कापून ठेवला तर? म्हणून पोस्टात टाकण्याआधी मायला म्हटलं, डबा मांजरपाटात घट्ट शिवून दे. तिने गोधडीच्या काळ्या दोऱ्याने असा शिवला की उसवायला ब्लेडच लागावं.

"तुले तं आपल्या सावलीचाबी भरोसा नाही," ती म्हणाली.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर काहून? मलाच का? आनंद मागाहून झाला, तोही बेताचाच. बा मात्र धुतलेलं धोतर नेसून माझ्याआधी एसटीत जाऊन बसला.

पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या जावयाला, काश्मीरच्या सहलीबद्दल. हे मी आधीच ओळखलं होतं. मग माझं नाव पुकारलं. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "सांजवेळी शेतातून परतणारे ते बैल! ग्रामीण जीवनाचं किती हृद्य चित्रण!"

बा माझ्या कानाशी लागला. "आपल्या पिच्चरमंदी बैल कुठी हाय रे?"

"नाही ना, बा."

"मंग हे दुसऱ्या कोनाचं असंन. घेऊ नोको. लोकं चोर म्हनतीन."

मी उठलो तो रागानेच. अध्यक्षांनी एका हाताने ढाल दिली, दुसऱ्या हाताने डबा. मांजरपाट जसाच्या तसा होता. टाके मायचेच, शेवटची गाठसुद्धा तिचीच. कोणी तुकडा कापेल म्हणून मी झोप घालवली होती. डबा कोणी उघडणारच नाही, ही शंका माझ्यासारख्या माणसालाही आली नव्हती. यंदा एक बक्षीस आमच्या लोकांत टाकायचं असं आधीच ठरलं असणार, हा संशय माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

जावयाचं काश्मीर दाखवून झालं आणि वेळेअभावी बाकीच्या फिल्मा रद्द झाल्या. लोक चहाकडे वळले. ती ढाल अध्यक्षांच्या पायांवर टाकावी असं मला वाटलं. बा व्हरांड्यात अंग चोरून उभा होता. ढालीला हात लावायला तयार नव्हता.

"ज्याचं हाय त्याले देऊन ये," तो म्हणाला.

मी मायचा दोरा दातांनी तोडला, हातभर फिल्म ओढली आणि दिव्यासमोर धरली. नखाएवढी चित्रं. बाने डोळे बारीक केले, मान वाकडी केली.

"मले तं काईच दिसत नाही. तूच सांग. मी हाय का याच्यात?"

"हाव, बा."

"वरचा का खालचा?"

"खालचा."

त्याचा चेहरा मोकळा झाला. बैलांचं मी काही बोललो नाही. धोतराला हात पुसून त्याने ढाल माझ्याकडून घेतली.

"मंग आपलंच हाय," तो म्हणाला.